पठाण सरांचा अर्धा तास

पठाण सर कुणाची मदत घ्यायचे नाहीत. नुसते घ्यायचे नाहीत असं नाही, कुणी मदतीला हात पुढं केला की त्यांना राग यायचा. आमच्या शाळेत ते पीटीचे सर होते आणि मी मराठी शिकवायचे. क्रीडास्पर्धा जवळ आल्या की मैदानावर फक्की टाकून रेघा मारायचं काम खरं तर शिपायांचं. पण सकाळी आम्ही शाळेत पोचेपर्यंत सगळ्या रेघा मारून झालेल्या असायच्या आणि सर हातापायांनी पांढरे होऊन झाडाखाली डबा उघडून बसलेले असायचे. मी एकदा विचारलं, "सर, शिपाई कशाला आहेत मग?" तर म्हणाले, "बाई, शिपाई वाकडी रेघ मारतात. वाकड्या रेघेवर पळालेलं पोरगं पुढं नोकरीलाही वाकडंच जातं."

हसून म्हणायचे, पण फक्कीची पाटी काही कुणाच्या हातात द्यायचे नाहीत.

आमचे फ्लॅटही एकाच इमारतीत, हर्सूलच्या बाजूला. तिसऱ्या मजल्यावर सर आणि रुखसाना भाभी, दुसऱ्यावर मी. लिफ्ट नाही. माझे मिस्टर गेल्यावर मी एकटी राहिले, तेव्हापासून माझा गॅसचा सिलिंडर सरच खांद्यावर टाकून वर आणायचे. नको म्हणायची सोय नव्हती. कुणासाठी काही करायला त्यांना मनापासून आवडायचं, फक्त उलट कुणी काही केलेलं चालायचं नाही.

मूळचे ते करमाडचे. घरात उर्दू, बाहेर मराठी, आणि चिडले की दोन्ही. विहिरीत पोहायला शिकलेले, म्हणून शाळेतल्या मुलींना पोहता आलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट. पालक कां-कूं करायचे. त्यावर सरांनी तोड काढली. दर रविवारी रुखसाना भाभींना बरोबर न्यायचे आणि पोहण्याच्या तलावाच्या काठावर खुर्ची टाकून बसवायचे. भाभी तिथं बसून दुपट्ट्याला लेस लावत आणि मुलींच्या आया त्यांच्याशी गप्पा मारत. "पाण्यात पडलेल्या पोरीनं कुणी येईल म्हणून वाट बघायची नाही," सर ओरडून सांगायचे. "आपले हात, आपले पाय!"

या माणसाचं हृदय थकलं.

आधी कळलंच नाही. जिन्यात ते मध्येच थांबायला लागले. मी खालून येताना दिसले की खिशातून मोबाइल काढून काहीतरी वाचत असल्यासारखं करायचे. पायांवर सूज आली तेव्हा बूट बदलले. एक दिवस भाभी माझ्याकडं येऊन म्हणाल्या, "बाई, हे रात्री बसून झोपतात. आडवं झालं की दम लागतो. डॉक्टरकडं चला म्हटलं तर नक्को म्हणतात." मग त्यांची मुलगी सना बंगळुरूहून आली, भांडली, आणि त्यांना घेऊन गेली. इथल्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाचा स्नायू निकामी झालाय, दुसरं हृदय मिळेल तेव्हा मिळेल, तोवर छातीत पंप बसवावा लागेल. करमाडची वडिलोपार्जित जमीन तेव्हाच गेली. सर त्याबद्दल कधी बोलले नाहीत, म्हणून मीही बोलत नाही.

पंप बसवून ते परत आले तेव्हा मी दार उघडून जिन्यात उभी होते. सर हळूहळू पायऱ्या चढत होते, पण न थांबता. अंगात जाकीट, जाकिटाला दोन्ही बाजूंना बॅटऱ्या, कमरेला पंप चालवणारी एक डबी. त्या डबीतून निघालेली वायर शर्टाखाली जाऊन पोटातल्या भोकातून थेट आत शिरलेली. मागून भाभी येत होत्या, त्यांच्या खांद्यावर आणखी एक पिशवी. तिच्यात जादा बॅटऱ्या आणि जादा डबी. सर गेले तिथं ती पिशवी जाणार, आणि पिशवी घेणारं माणूस जाणार. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना एक क्षणही एकटं सोडायचं नाही.

"कसं वाटतंय, सर?" मी विचारलं.

"धाप गेली बाई, लई मोठं काम झालं," ते म्हणाले. मग मनगट पुढं केलं. "बघा नाडी."

मी बोटं ठेवली. काहीच लागेना. दुसऱ्या हाताची पाहिली, तिथंही नाही. माझा चेहरा बघून त्यांना हसू फुटलं. पंप रक्त एकसारखं ढकलतो, ठोके देत नाही, म्हणून नाडी लागत नाही, हे त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. वर्गात समजावायचे तसंच. मैदानावर पोरांना पळवून स्वतःची नाडी मोजायला लावणारा माणूस हा. भाभी मात्र हसल्या नाहीत.

पहिले काही महिने बरे गेले. सर जेवायला लागले, गच्चीवर फेऱ्या मारायला लागले. माझ्याकडं चहाला यायचे आणि खुर्ची निवडताना आधी प्लगचं बटण कुठं आहे ते बघायचे. "पूर्वी मी भाकर खायचो," म्हणायचे, "आता लाईट खातो." पण त्या लाईटचं खरं रूप उन्हाळ्यात कळलं. वादळात आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळाला आणि दुसऱ्या दिवशीही वीज आली नाही. इन्व्हर्टर सकाळीच बसला. मग मी आणि भाभी बॅटऱ्या घेऊन रिक्षानं फिरलो. एका ओळखीच्या दुकानात काही लावल्या, शाळेच्या स्टाफरूममध्ये काही लावल्या. सर घरी सोफ्यावर बसून होते, शेजारच्या काकांना राखणीला ठेवलं होतं. आम्ही भरलेल्या बॅटऱ्या घेऊन आलो तेव्हा ते आमच्याकडं न बघता म्हणाले, "माझ्यासाठी बायका उन्हात फिरतात. हे दिवस आले." संध्याकाळी वीज आली तरी ते जेवले नाहीत.

अंघोळ बंद झाली होती. पोटातल्या वायरच्या जागी पाणी लागलं की जंतू आत जाणार, म्हणून ओल्या फडक्यानं अंग पुसायचं. पोहण्याचं तर नावच नको. सर ते दोन्ही सहन करत होते, पण शुक्रवारी दुपारच्या नमाजाआधी अंघोळ करायची सवय, तेव्हा बाथरूमच्या दारात घुटमळायचे. भाभींनी सांगितलं, "रोज पुसून घेतात मुकाट्यानं. जुम्म्याला मात्र चिडतात."

रोज सकाळी भाभी हात धुऊन, तोंडाला मास्क लावून त्या जागेचं ड्रेसिंग करायच्या. त्या शिवणाचा क्लास घ्यायच्या, तो बंद केला. धाग्यांची धूळ घरात नको म्हणून मशीनही बहिणीला देऊन टाकलं.

मग करमाडचं लग्न झालं. सरांच्या पुतणीचं. सर म्हणाले, मी जाणारच. मलाही आमंत्रण होतं, आम्ही एकाच गाडीतून गेलो. मांडवात उकाडा होता, पंखे गरम वारा फेकत होते, आणि सरांना पाणी मोजूनमापून प्यायला सांगितलेलं. भाभी बायकांच्या बाजूला पाच मिनिटं काय गेल्या, सर खुर्चीतून घसरून खाली पडले. धावाधाव झाली. पाहुण्यांत गावचा एक डॉक्टर होता, भला माणूस. त्यानं मानेला हात लावला, मनगट बघितलं, छातीवर कान टेकायचं त्या गोंधळात त्याला सुचलं नाही. मान वर करून म्हणाला, "नाडी नाय. गेले."

कुणीतरी रडायला सुरुवात केली. सरांचे थोरले भाऊ मटकन खाली बसले. तेवढ्यात भाभी माणसांना ढकलत आल्या. मी त्यांना इतक्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "हटो! सगळे हटो! त्यांना नाडी नसतेच!" त्यांनी गुडघ्यांवर बसून सरांच्या छातीला कान लावला. मांडवात पोरं गप्प झाली. मग भाभी म्हणाल्या, "चालू आहे. घूं घूं करतंय. पाणी आणा, पाय वर करा."

थोड्या वेळानं सरांनी डोळे उघडले. भोवती सगळं गाव वाकलेलं. ते म्हणाले, "कामून रडता रे? जेवण संपलं का?"

सगळे हसले. नंतर कितीतरी दिवस तो किस्सा गावात सांगितला गेला, सरांनीही मला दोनदा सांगितला. पण त्यानंतर ते कुठल्याही लग्नाला गेले नाहीत. परतताना गाडीत ते एकदाच बोलले. "बाई, त्यानं 'गेले' म्हटलं ना, ते मला ऐकू येत होतं. डोळे उघडत नव्हते. मला वाटलं, ठीकाय, गेलो. मग हिचा आवाज आला." भाभी खिडकीबाहेर बघत होत्या.

दुसऱ्या हृदयाची वाट बघणं चालूच होतं. फोन सतत चालू ठेवायचा, कॉल आला की लगेच पुण्याला निघायचं. सरांना हेच सगळ्यात अवघड जायचं. "कुणाचं तरी जवान पोरगं गाडीवरून पडेल तेव्हा माझा फोन वाजणार," ते म्हणायचे. "मी नमाज पढताना दुवा काय मागू, सांगा बाई. माझ्यासाठी मागू की त्या पोरासाठी?"

फोन एकदा आला. दुपारची वेळ होती. अर्ध्या तासात ते गाडीत बसलेसुद्धा. मी कुलूप लावून किल्ली घेतली. नगरच्या अलीकडं त्यांना पुन्हा फोन आला की ते हृदय बसवण्याजोगं नाही. ते ढाब्यावर चहा पिऊन परत आले. सर जिना चढून आले, माझ्या हातून किल्ली घेतली आणि म्हणाले, "त्या घरी आत्ता काय चाललं असेल." तो फोन पुन्हा कधी आला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी ते घरातून निघून गेले.

भाभी मागच्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होत्या. आत आल्या तर सोफा रिकामा, जादा बॅटऱ्यांची पिशवी खुंटीला तशीच. ती घेऊन त्या अनवाणीच खाली माझ्याकडं आल्या. आम्ही रिक्षा केली. मशीद पाहिली, शाळा पाहिली. मग मी म्हटलं, तलावाकडं बघू. सर हर्सूल तलावाच्या कठड्यावर बसले होते, पाण्याकडं तोंड करून, पाय खाली सोडून. लांबूनच कमरेच्या डबीचा बीप बीप आवाज येत होता. बॅटरी उतरली होती. त्यांनाही तो ऐकू येतच असणार.

भाभी धावत गेल्या. त्यांनी पिशवी उघडली, एका बाजूची बॅटरी काढून नवी लावली, मग दुसऱ्या बाजूची. दुसरी नीट बसेना. मी मदतीला पुढं झाले तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. बीप थांबला.

"असं कुणी करतं का, सर?" मी म्हटलं. माझाही आवाज चढला होता.

सर हळू बोलले. "जीव द्यायला नाय आलो बाई. तसं काही डोक्यात आणू नका. मला फक्त अर्धा तास कुणी नको होतं. मी खोकलो तर कुणी बघायला नको. संडासात गेलो तर दाराबाहेर कुणी उभं नको. वर्ष होऊन गेलं, मी एकटा कुठंच नाही. झोपेतसुद्धा वायरीनं भिंतीतल्या प्लगला बांधलेला असतो."

मला वाटलं, भाभी आता त्यांना समजावतील. पण त्या कठड्याला टेकून खालीच बसल्या, बुरखा धुळीत, आणि रडायला लागल्या. "मेरेकू बी चाहिए आधा घंटा," त्या म्हणाल्या. "माझं कोण ऐकतंय? वर्षभर मी दार लावून अंघोळ केली नाही. दार उघडं ठेवते, हाक आली तर कळायला पाहिजे म्हणून. तुम्ही उठून तलावावर तरी आलात. मी कुठं जाऊ?"

हे सरांना खरंच माहीत नव्हतं, असं त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. मग त्यांनी कठड्यावरून उतरायला हात पुढं केला, माझ्याकडं. "बाई, हात द्या," म्हणाले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते. हे शब्द त्यांनी मला पहिल्यांदाच म्हटले होते.

त्या दिवसापासून आम्ही एक सोय केली. दुपारी शाळा सुटली की मी वर जायचे आणि माझ्या घराची किल्ली भाभींना द्यायचे. भाभी माझ्या घरात जाऊन आतून कडी लावायच्या. सर आतल्या खोलीत दार लावून बसायचे. मी त्यांच्या हॉलमध्ये वह्या तपासत बसायचे, बॅटऱ्या कशा बदलायच्या ते शिकून घेतलं होतं. अर्धा तास तिघंही तीन खोल्यांत. सर आत काय करायचे ते मला माहीत नाही. कधी गुणगुणायचे, कधी काहीच आवाज नसायचा, आणि मग माझा जीव टांगणीला लागायचा, पण मी दार वाजवत नसे. भाभी माझ्या घरात काय करायच्या तेही मी कधी विचारलं नाही. एकदा चुकून लवकर गेले तर त्या जमिनीवर, पंख्याखाली, उशीसुद्धा न घेता झोपल्या होत्या. त्यांचे ओले केस मोकळे होते.

ते काही महिने चाललं. सुखाचे म्हणवत नाही, पण दोघांचा आवाज पुन्हा घरातून यायला लागला होता, भांडणाचाही.

मग वायरच्या जागेतून पू यायला लागला. भाभींनी ड्रेसिंगमध्ये एक दिवसही चूक केली नव्हती, डॉक्टरांनीही तसंच सांगितलं. तरी झालंच. पुण्याच्या वाऱ्या, सलाईन, बरं होणं, पुन्हा होणं. आणि त्यातच एका सकाळी चहाचा कप सरांच्या हातून पडला. रक्त पातळ राहायच्या गोळ्या चालू असतात, त्यातून मेंदूत रक्तस्राव झाला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पंप चालूच. दुसऱ्या हृदयाच्या यादीतून आता त्यांचं नाव काढल्याचं डॉक्टरांनी सनाला बाजूला घेऊन सांगितलं.

त्यांना घरी आणलं तेव्हा चार माणसांनी खुर्चीत बसवून वर चढवलं. सर डोळे मिटून होते. मी जिन्यात बाजूला उभी राहिले, बघू नये असं वाटत होतं.

आता ते दिवसभर पलंगावर असायचे. कधी डोळे भरून यायचे, कधी डाव्या हातानं चादर चुरगळत राहायचे. एका दुपारी भाभींनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि हळू आवाजात विचारलं, "बाई, यांचं दिल तर कधीच थकलं. मशीन थकत नाही. मशीन यांना बरंही करत नाही आणि जाऊही देत नाही. मी काय करू? तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगा."

मी गॅसवरचं दूध बघत राहिले. भाभींनी सनाला विचारलं होतं, ती फोनवर नुसती रडली. मौलवींना विचारलं होतं, ते म्हणाले डॉक्टरांना विचारा. डॉक्टर म्हणाले, घरच्यांनी ठरवायचं असतं. सगळे चांगुलपणानं बोलले, आणि प्रश्न फिरून पुन्हा भाभींच्याच पदरात पडला.

शेवटी ताप चढला आणि उतरेना. पुण्याला नेलं. जंतू रक्तात पसरले होते, किडन्या बंद पडल्या, शुद्ध गेली. डॉक्टरांनी सांगितलं की आता शुद्ध परत येणार नाही, तुम्ही म्हणाल तेव्हा पंप थांबवू. भाभींनी एवढंच मागितलं, जुम्म्याची नमाज होऊ द्या. शुक्रवारी दुपारी नमाजानंतर पंप थांबवला. सनानं मला नंतर सांगितलं, अम्मी अब्बूंच्या छातीला कान लावून बसली होती. आवाज बंद झाला, नर्सनं वायर काढली, तरी ती कान तसाच ठेवून बराच वेळ बसून होती. कुणी तिला उठवलं नाही.

मी काही पुण्याला नव्हते. मला सर शेवटचे दिसले ते पुण्याला नेताना, आमच्या इमारतीसमोर, अँब्युलन्समध्ये. भर दुपार होती. स्ट्रेचर आत सरकवलं, पंपाची पिन गाडीतल्या सॉकेटला लावली, भाभी बाजूच्या सीटवर बसल्या, ड्रायव्हरनं मागचं दार बंद केलं. मी बाजूच्या काचेतून बघत होते. सर एकदम अस्वस्थ झाले. डावा हात उचलून दाराकडं दाखवायला लागले, तोंडातून नुसते घशातले आवाज. भाभी वाकून विचारत होत्या, पाणी पाहिजे? मान हलली, नाही. उशी वर करू? नाही. बॅटरी? दुखतंय? घरी जायचंय? प्रत्येकाला नाही, आणि हात पुन्हा दाराकडं. त्यांचा चेहरा लाल झाला होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं. गाडीतला माणूस म्हणाला, "आजोबा, शांत पडा." ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं.

तेव्हा मी खाली बघितलं. भाभींच्या बुरख्याचा घोळ दाराच्या फटीत अडकून बाहेर लोंबत होता, रस्त्यावर टेकलेला. मी पत्र्यावर हात आपटून गाडी थांबवली. दार उघडलं, बुरखा आत सारला आणि दार पुन्हा लावलं.

काचेतून पाहिलं तर सरांचा हात खाली आला होता. त्यांनी डोळे मिटले होते. भाभींना अजून काही कळलंच नव्हतं, त्या त्यांच्यावर वाकून काय हवंय ते विचारतच होत्या, "क्या होना जी? बोलो ना, क्या होना?" आणि गाडी निघाली.